कापलेली बातमी

— नाही नाही, हलू नका, गुरुजी. छातीवर अकरा टाचण्या आहेत तुमच्या, आणि डाव्या काखेत एक अशी आहे की तुम्ही नुसता मोठा श्वास घेतलात तरी ती माझ्याआधी तुम्हाला सापडेल. असेच उभे राहा. मान वर. आणि बोलू नका — बोललं की छाती हलते, छाती हलली की माझी खडूची रेघ हलते. तुम्ही जन्मभर पोरांना गप्प बसवलंत, आता घटकाभर माझ्यासाठी गप्प राहा. लोक मलाही मास्तर म्हणतात आणि तुम्हालाही, म्हणून मी तुम्हाला गुरुजीच म्हणतो, नाहीतर दुकानात एक हाक आली की दोघं वळायचो. तर काय सांगत होतो? हां, फोन. तो वाजला तर मी उचलणार आहे, आधीच सांगून ठेवतो. एरवी ट्रायल चालू असताना मी फोन घेत नाही, एकदा भावाचा फोन आला होता तरी घेतला नव्हता. आज घेणार. आमची ही दवाखान्यात गेलीय. लेक आहे सोबत. रिपोर्ट मिळायचाय आज. साडेदहाला बोलावलं होतं — किती वाजले आत्ता? आरशात बघून सांगू नका, त्यात घड्याळ उलटं दिसतं, सकाळपासून मी दोनदा फसलोय.

कसला रिपोर्ट, हेच विचारायचंय ना तुम्हाला? भुवया वर गेल्या तुमच्या. विचारू नका, मीच सांगतो, उजवा हात जरा लांब धरा — असा. गाठ. काखेत. बटणाएवढी — कोटाच्या नाही हो, शर्टाच्या, चार भोकांचं लहान बटण असतं ना, तेवढी. आणि ती सापडली कुणाला? मलाच. महिना झाला. थंडीसाठी हिला बिनबाह्यांचं लोकरी जाकीट शिवत होतो. ही अशीच उभी होती, तुम्ही उभे आहात त्याच फळीवर. मुंढ्याच्या, म्हणजे काखेच्या घेराच्या, मापाला मी टेपवर भरवसा ठेवत नाही, बोट फिरवतो. पन्नास वर्षं फिरवतोय. अस्तराखाली दोऱ्याची गाठ राहिली असली तरी बोटाला कळतं माझ्या. तर बोट फिरवलं आणि थांबलं. परत फिरवलं. परत तिथंच थांबलं. ती कापडाची नव्हती. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. आणि ही आरशातून माझ्याकडे बघून म्हणते, "सापडलं वाटतं मास्तरांना!" आणि हसली. मला वाटलं, गुदगुल्या झाल्या असतील. किंवा जाकिटात माझंच काही चुकलंय आणि ती चूक मला सापडली, असं म्हणत असेल. माझ्या चुकांवरून चिडवायची तिला सवयच आहे, त्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. मी पण हसलो. टाचण्या गिळता गिळता राहिलो, पण हसलो.

आता गाठ म्हणजे काही प्रत्येक वेळी वाईटच असते असं नाही, हे मलाही कळतं. लेकही तेच म्हणाली, आमच्या खालच्या औषधवाल्यानंही तेच सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी तर हसतच तुकडा काढून घेतला आणि तपासायला पाठवला. सगळे हसतात, गुरुजी. ह्या गाठीवर आत्तापर्यंत जेवढे लोक हसलेत तेवढे माझ्या लग्नात हसले नव्हते. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही ना, जी मला ठाऊक आहे. ती इथं आहे. या खिशात. — नको, आत्ता नको, आधी तुमचा खांदा बघू. डावा खांदा खाली आहे तुमचा. फळ्यावर लिहून उजवा चढला की काय? घाबरू नका, आत थोडा कापूस घालतो, कुणाला कळायचं नाही. निरोपसमारंभाला हार पडेल गळ्यात, त्याखाली काय कळतंय.

ही आजारी होती, ते तुम्हाला माहीत नसेल. नऊ वर्षं झाली. आधी उजवी पापणी पडायला लागली. सकाळी ठीक, संध्याकाळी अर्धा डोळा झाकलेला — मी म्हणायचो, "काय गं, डोळा मारतेस का या वयात?" ती म्हणायची, "मारला तर तुम्हाला कुठं कळणार आहे!" असं हसण्यावारी गेलं. मग चावता येईना. दोन घास झाले की जबडा थकायचा, हनुवटीला हात लावून चावायची. मग मान. मग हात. सुई हातातून पडायची, आणि पडलेली तिला दिसायची पण उचलता यायची नाही. स्नायूंचा आजार निघाला, त्याचं नाव लांबलचक आहे, ते मला अजून धड म्हणता येत नाही, तीच म्हणते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, थायमस म्हणतात तिला, तिच्यामुळं हे बिघडतं पुष्कळदा, ती काढून टाकली तर बरं वाटायची आशा आहे. कागदावर चित्र काढून दाखवलं त्यांनी मला — बरगड्या, मधलं हाड, आणि त्याच्यामागं हे असं, फुलपाखरासारखं. मी विचारलं, "साहेब, ती काढून टाकली तर पुढं कमी नाही का पडायची?" म्हणाले, "नाही. लहानपणी तिचं काम. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात, शिकून बाहेर पडतात. मोठ्या माणसात तिचं काम संपलेलं असतं, चरबी होऊन पडून असते नुसती." तुमच्या शाळेसारखं झालं की हो ते — पोरं शिकून गेली, इमारत रिकामी.

खोटं नव्हते बोलत ते. मी त्यांना दोष देत नाही. त्या वेळी सगळे हेच सांगत होते म्हणे. आणि बरी झाली ना ही! वर्ष-सव्वा वर्ष लागलं, गोळ्या हळूहळू कमी झाल्या, पापणी वर गेली ती गेली, परत पडली नाही. पहिल्यांदा आख्खी भाकरी एका बैठकीत खाल्लीन् तेव्हा मी समोर बसून मोजत होतो एकेक घास. ते खरंच आहे. ते मी विसरत नाही. पण —

थांबा. कुणी आलं का जिन्यावर? … नाही. खालचा औषधवाला असेल, खोकी चढवतोय.

पण मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, गुरुजी. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. तुमच्या कोटात छातीला आत काय आहे, सांगू? कॅनव्हास. बाहेर कापड, आत अस्तर, आणि मधे हा केसाळ, राठ कॅनव्हास — तो दिसत नाही, कुणी त्याचं कौतुक करत नाही, पण छाती धरून ठेवतो तो. मी नवा होतो तेव्हा एकानं वडिलांचा जुना कोट आणला होता, सैल करून द्या म्हणाला. मी उसवला. आतला कॅनव्हास बघितला तर मऊ पडलेला, पिवळा, जागोजागी विरलेला. म्हटलं, याचं काम संपलं. इतक्या वर्षांत कापडानं आकार धरलाय, आता हा कशाला? काढला आणि टाकला कतरणीत. कोट हलका झाला, गिऱ्हाईक खूश. आणि दोन थंड्या झाल्यावर तो परत आला, कोट घालूनच आला — छाती बसलेली. आत गेलेली, कुणी बुक्की मारून ठेवल्यासारखी. इस्त्री करून बघितली, वाफ देऊन बघितली, नाही उठली ती. माझ्या उस्तादांनी काही शिव्या नाही दिल्या. एवढंच म्हणाले, "काम करताना दिसत नव्हता म्हणून काम करत नव्हता, असं तुला कुणी सांगितलं?" हे मला पाठ होतं, गुरुजी. चाळीस वर्षं पाठ होतं. आणि डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा आठवलं नाही. आठवलं नाही म्हणतो मी — खरं तर…

जाऊ दे. डावा हात खाली सोडा. दुखतोय का? बोलू नका, मान हलवा. बरं.

तर हा कागद. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी फारसा शिकलेला नाही. अक्षरं येतात, पण एकेक करून येतात, आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. आकडे मात्र पटापट — टेप वाचून वाचून. म्हणून आमच्यात असं आहे की पेपर ही वाचते आणि मी ऐकतो. दुपारी, जेवण झालं की, इथंच, ती काजं, म्हणजे बटणांची घरं, करायच्या पाटावर बसते आणि मोठ्यानं वाचते. सगळं वाचते हो — कुठं पूल पडला, कुणाचा कुत्रा हरवला, कोण वारलं, सोन्याचा भाव, हवामान. जाहिरातीसुद्धा वाचते आवाज काढून. आणि पान वाचून झालं की वरच्या कोपऱ्यात तारखेपाशी पेन्सिलीनं फुली मारते. फुली म्हणजे झालं, आता कापायला मोकळा. त्या गठ्ठ्यातले कागद घेऊन मी फर्मे कापतो — फर्मा म्हणजे कोटाचा आधी कागदी तुकडा करायचा, तो कापडावर ठेवून मग कापड कापायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा. ते बघा तिकडं खिळ्यांवर, सगळं गाव कागदाचं होऊन टांगलंय.

तीन आठवड्यांपूर्वी तुमचा पुढा, म्हणजे कोटाच्या पुढच्या बाजूचा फर्मा, कापत होतो. जुना कागद गठ्ठ्यातून ओढला, पसरला, खडूनं आखला, कापला. फर्मा उचलून खिळ्याला लावला, आणि खाली जो उरलेला तुकडा राहिला, त्याच्यावर बघतो तर — ते चित्र. बरगड्या, मधलं हाड, मागं फुलपाखरू. तेच. नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी काढलं होतं तस्सं. कात्री मेजावर ठेवली. ही आत चहा करत होती. मी तो तुकडा घडी करून खिशात घातला.

तीन दुपारा लागल्या मला तो वाचायला. ही अंघोळीला गेली की वाचायचो, ती खाली गेली की वाचायचो. कुणाला विचारणार? मला वाचून दाखवणारी जगात एकच आहे, आणि तिलाच हे दाखवायचं नाही. लेकीला दाखवलं असतं तर तिनं आईला सांगितलं असतं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून एकेक अक्षर करून वाचलं. मोठ्या माणसांची ही ग्रंथी काढली तर पुढं काय होतं, ते कुणी तपासलंय. पुष्कळ लोकांचे कागद काढून बघितले — ज्यांची काढली ते, आणि ज्यांची तशीच छाती उघडली पण ग्रंथी काढली नाही ते. आणि पाच वर्षांत — हे मला आता पाठ आहे, तुम्हाला म्हणून दाखवतो — "ग्रंथी काढलेल्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. मोठेपणीही ही ग्रंथी काम करत असावी, असे दिसते." असं आहे. काम करत असावी. आणि त्याच्यापुढं एकच शब्द. "मात्र". स्वल्पविराम. आणि संपला कागद.

बातमी दोन रकान्यांची आहे, गुरुजी. पहिला रकाना माझ्या खिशात. दुसरा तुमच्या फर्म्यावर, तिथं, तिसऱ्या खिळ्याला. छातीच्या गोलाईवरून कात्री गेली ती बरोबर दोन्हींच्या मधून गेली. ठरवून कापलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

का नाही वाचला? तुम्ही आरशातून असे बघू नका माझ्याकडे, मला माहीत आहे तुम्हाला काय म्हणायचंय. हात पुढं करायचा आणि काढायचा, दोन पावलं आहेत. तीन आठवडे दोन पावलं आहेत. रोज इस्त्री करताना तो माझ्यासमोर वाऱ्यानं हलतो. पण बघा, "मात्र" म्हणजे काय? पुढं काहीतरी बरं असेल, नाही का? वाईट सांगून झालं की मग "मात्र" म्हणतात ना? तुम्ही शिकवता, तुम्हाला ठाऊक असेल. का वाईटानंतर आणखी वाईट असलं तरी "मात्र" चालतं? जोपर्यंत वाचलं नाही तोपर्यंत त्या शब्दाला लोंबकळून राहता येतं मला. वाचलं आणि खाली काही नसलं तर?

आणि सगळं जुळतंय हो. तेच तर. दोन वर्षांपूर्वी तिला नागीण उठली, पाठीपासून पोटापर्यंत. मी म्हटलं, होते माणसाला. सर्दी झाली की महिना महिना जात नाही. म्हटलं, वय झालं. प्रत्येक वेळी कायतरी म्हटलं मी. आता रोज बसून मागचं एकेक उसवतोय. रात्रीची ती खोकली तरी — नको, ते नको सांगायला.

तुमची ट्रायल आज नव्हती. कळलंच असेल तुम्हाला. बुधवारची होती. काल मी फोन करून तुम्हाला म्हणालो ना, कापड बसायच्या आधी एकदा बघून घेऊ, उद्याच या — असं काही नसतं, गुरुजी. कापड कुठं जातंय? सकाळी ही साडी बदलून तयार झाली, पिशवीत फाईल घातली, आणि मी म्हणालो, "गुरुजी यायचेत ट्रायलला, मला नाही निघता येणार." ती म्हणाली, "असू दे." एवढंच. "असू दे." पायऱ्या उतरताना मागं बघितलंही नाही. पन्नास वर्षांत तिला एकटीनं मी दवाखान्यात… लेक आहे म्हणा. लेक आहे सोबत. पण ऑपरेशनच्या वेळी मी होतो ना, हात धरून होतो, दारापर्यंत गेलो होतो ढकलगाडीबरोबर. मग आज काय झालं? आज मला त्या डॉक्टरीणबाईंचं तोंड बघायचं नव्हतं. त्या बोलायच्या आधी मला कळेल, कापडाला हात लावायच्या आधी कळतं तसं. आणि ही माझ्याकडे बघेल. आणि तिला माझ्या तोंडावर दिसेल.

काय दिसेल? सही. माझी सही दिसेल.

आता इतकं सांगितलंच आहे तर — तुम्ही हे कुठं बोलू नका. त्या मोठ्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. म्हणाले, गोळ्यांवरही चालवता येईल, वेळ लागेल, कमी-जास्त होत राहील, नाहीतर ऑपरेशन. घाई नाही, घरी विचार करा. ही म्हणाली, "आपण गोळ्यांवर बघू या. छाती नका उघडू माझी." स्पष्ट म्हणाली. दोनदा म्हणाली. आणि मी… बाजारात हिला सगळे काजवाली म्हणतात, तुम्ही ऐकलं असेल. माझी शिलाई बरी असते, पण लोक यायचे ते हिच्या काजांसाठी. हातानं केलेलं काज, रेशमी दोऱ्याचं, एकेक टाका मुंगीच्या पावलाएवढा. ती आजारी पडल्यावर काजं बाहेर मशीनवर द्यायला लागलो. जुनी गिऱ्हाइकं बोटानं चाचपून बघायची आणि निघून जायची. एकानं तर कोट परत आणून मेजावर टाकला. त्या दिवशी मी घरात गेलो. ती पापणी बोटानं वर धरून बसली होती, मी काय सांगतोय ते बघायला. आणि मी म्हणालो — गुरुजी, मी आवाज चढवत नाही कधी, तुम्ही मला ओळखता — मी म्हणालो, "तुझ्या डोळ्यापायी दुकान बसेल आपलं."

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "द्या सही करून."

बरी व्हावी म्हणून केली का मी सही? हो. केली की. काजं करायला बसावी म्हणून केली का? … तुम्ही सांगा. तुम्ही पेपर तपासता ना पोरांचे, किती मार्क द्याल याला? नाही, बोलू नका. टाचण्या आहेत.

तुमच्या कोटाची काजं अजून व्हायचीत. तीन पुढची, चार-चार बाह्यांची. ती म्हणाली होती, या आठवड्यात घेते.

बरं. काढतो. काढतो फर्मा. तुम्ही आहात म्हणून काढतो, एकट्यानं नाही जमायचं. मी धरतो तुमच्यासमोर, तुम्ही नुसतं डोळ्यांनी वाचा, तोंडानं नको, आणि बरं असेल तर मान हलवा. वाईट असेल तर… वाईट असेल तर कोटाबद्दल काहीतरी बोला. बाही आखूड झालीय म्हणा. मला कळेल. हा बघा, हा तुमचा डावा पुढा. इथं खांदा, इथं खिशाची खूण. आणि हा इथं छातीपाशी तो रकाना — किती बारीक छापतात हो. वर तारीख आहे. तारीख मला येते. हा कागद तर… थांबा. हा गेल्या वर्षीचा नाही. त्याच्याही आधीचा आहे. दोन वर्षं होऊन गेली याला. मला वाटलं होतं, गेल्या वर्षी तिला ताप होता त्या आठवड्यातला असेल, न वाचताच गठ्ठ्यात गेला असेल. तसंच असणार ना? वाचला असता तर मला वाचून दाखवला नसता का? ती सगळं वाचते. हरवलेला कुत्रासुद्धा वाच—

फुली आहे.

इथं, तारखेपाशी. गुरुजी, चष्मा आहे ना तुमच्या डोळ्यांवर, बघा बरं — पेन्सिलीची आहे ना ही? तिचीच आहे. एक रेघ लांब, एक आखूड, नेहमीसारखी.

वाचलंय तिनं. दोन वर्षांपूर्वी, या पाटावर बसून, माझ्यासमोर वाचलंय. मोठ्यानं वाचता वाचता इथं आली असेल, आणि इथून उडी मारून पुढच्या बातमीवर गेली असेल, आणि आवाजसुद्धा बदलला नसेल, कारण बदलला असता तर मला कळला असता. सोन्याचा भाव वाचला असेल पुढं. आणि मग फुली मारली. म्हणजे कापायला मोकळा. मला वाचता येत नाही भरभर, कात्री फिरली की संपलं, असं वाटलं असेल तिला. दोन वर्षं, गुरुजी. दोन वर्षं ती रोज अंघोळीला जाऊन स्वतःच चाचपत असेल — आणि मी बाहेर दारापाशी उभा राहून तिच्यापासून चोरून तोच कागद वाचतोय.

"सापडलं वाटतं मास्तरांना."

देवा. ती जाकिटाबद्दल नव्हती बोलत.

तिला आधीच सापडली होती.

श्श. … ऐकलंत? जिना. नाही, औषधवाला नाही, त्याची पावलं जड आहेत. सतरा पायऱ्या आहेत, ती नवव्या पायरीवर थांबते, श्वास घ्यायला, तिथं कठडा गुळगुळीत झालाय तिच्या हातानं. सात… आठ… नऊ… थांबली. लेकीचा आवाज नाही. लेकीला खालूनच पाठवलं का घरी? का पाठवलं? नका सांगू, तुम्ही वाचत होतात का? वाचू नका. नजर काढा कागदावरून. एक अक्षरसुद्धा सांगू नका मला. तुमची मान हलतेय — हलवू नका मान! काय म्हणून हलली ती? नको. नकोच. हे तुम्ही सांगायचं नाही मला. चुकलं माझं, तुम्हाला विचारायलाच नको होतं.

तुम्ही निघा, गुरुजी. आत्ता. कोट राहू दे अंगावर, काढायला वेळ नाही, टाचण्या काढायला तर नाहीच. तसाच घालून जा, बाह्या कच्च्या टाक्यांवर आहेत, हात वर करू नका, कुणी नमस्कार केला तरी करू नका. रस्त्यात लोक बघतील, बघू देत. बुधवारी या. तिच्यासाठी वाट सोडा जिन्यात. आणि तिला काही विचारू नका, नेहमीसारखं "काय वहिनी" म्हणा आणि उतरा. जा. जा ना आता.

… ये. ये गं. अगं, ते गुरुजी होते, घाईत होते जरा. बैस. पाणी घे आधी. नाही — पिशवी राहू दे. फाईल नको काढूस, ती राहू दे पिशवीत, ती कुठं पळत नाही. हा तुकडा धर. आणि हा फर्मा. असे एकाला एक लावून धर, नीट बसतात. आता मला वाचून दाखव. मोठ्यानं. हो, मला दिसलीय फुली. रडतोय कुठं मी? तू वाच. इथून, "मात्र"पासून.